नकाराच्या पत्राआधीची फाईल

विम्याचा क्लेम नाकारला गेला की आपल्याकडे वाद होतो तो पत्रातल्या कारणावर: आधीचा आजार लपवला, अमुक कलमात बसत नाही. कॅलिफोर्नियात ‘बॅड फेथ’चा, म्हणजे गैरवाजवी अडवणुकीचा खटला उभा राहिला की त्या पत्राच्या मागची विमा कंपनीची फाईल उघडावी लागते. नीट तपास न करता पैसे नाकारणं हीच अडवणूक, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ईगन खटल्यात सांगितलं.

खटल्यातला तज्ज्ञ साक्षीदार, म्हणजे क्लेमच्या कामाचा जाणकार, ही फाईल तारखेनुसार लावतो. तिथल्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर १५ दिवसांत पोच, पुरावे मिळाल्यावर ४० दिवसांत होकार किंवा नकार, जास्त वेळ हवा तर दर ३० दिवसांनी कारणासह लेखी पत्र. पण तारखा पाळूनही तपास पोकळ असू शकतो. समजा, सिंकखालचा पाईप फुटला. अचानक फुटला तर भरपाई, महिनोन्‌महिने झिरपत असेल तर नाही. अॅडजस्टरने, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याने, चार फोटो पाहून ‘जुनी गळती’ लिहिलं. पाईपचा तुटका तुकडा जपला का? प्लंबरला विचारलं का? भिंतीतली ओल मीटरने मोजली का? की फक्त नकाराला पोषक तेवढंच गोळा केलं? साक्षीदार ‘हे बॅड फेथ आहे’ असा निवाडा देत नाही, तो ज्यूरीचा. धंद्याची रीत काय आणि ती कुठे मोडली, एवढंच त्याने सांगायचं.

ही पद्धत जशीच्या तशी आणा, असं मी म्हणणार नाही. तज्ज्ञ तासावर पैसे घेतात, खटले वर्षानुवर्षं चालतात. दोन लाखांच्या मेडिक्लेमसाठी ते परवडणारं नाही. आपला ग्राहक आयोग, जिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं, त्या बाबतीत सरस आहे. मुदतीही आपल्याकडे आहेत: विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत, आणि कंपनीच्या क्लेम-पडताळणी समितीने तपासल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही.

कमी पडते ती फाईल मागण्याची सवय. २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोग कागद हजर करायला लावू शकतो. म्हणून तक्रारीसोबतच अर्ज द्यावा: तपासनिसाचा अहवाल, टीपीएने (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेने) काढलेल्या क्वेरी तारखांसह, समितीचा निर्णय आणि तिच्यापुढे ठेवलेले कागद. एवढे समोर आले तर निम्मे वाद सरळ होतील, असं मला मनापासून वाटतं.

एक कागद मात्र आपल्याच हातात असतो. रुग्ण दाखल होताना घाईत कुणा नातेवाइकाने ‘दहा वर्षांपासून शुगर आहे’ सांगितलं आणि निवासी डॉक्टरने केसपेपरवर ‘के/सी/ओ डीएम, १० वर्षे’ (मधुमेहाचा जुना रुग्ण) लिहिलं, तर पुढे तपासनीस त्याच ओळीवर बोट ठेवतो. माहिती चुकीची असेल तर डिस्चार्जपूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून, निदान केव्हा झालं हे सांगणारं, सही-शिक्क्याचं पत्र घ्यावं आणि जुने रक्ताचे रिपोर्ट त्याला जोडावेत.