‘बाहेरून फक्त मीठ यायचं’ : स्वयंपूर्ण खेड्याचा दावा तपासताना

समाजमाध्यमांवर सतत फिरणारा दावा थोडक्यात असा : इंग्रजांपूर्वी भारतातलं प्रत्येक खेडं हे स्वयंपूर्ण प्रजासत्ताक होतं. बारा बलुतेदार असल्यामुळे बाहेरून फक्त मीठ आणावं लागे. कारभार पंचायत बघे, सगळे गुण्यागोविंदाने राहत. हे सगळं इंग्रजांनी मोडलं. आणि याला विद्वानांचा आधार आहे. बाकीचा डोलारा या शेवटच्या वाक्यावर उभा असल्याने आधी तेच घेऊ.

‘विद्वानांनीच लिहून ठेवलंय’

हे चित्र आधी रंगवलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात लिहिलं की इथल्या गावात एका राज्याची सगळी सामग्री लहान प्रमाणात सापडते. ‘छोटी प्रजासत्ताकं’ हे शब्द चार्ल्स मेटकाफचे, १८३० मधले. तेव्हा वाद चालू होता तो शेतसाऱ्याचा. एकेका रयतेशी स्वतंत्र ठराव करू नये, सबंध गावाशी करावा, असं मेटकाफचं म्हणणं होतं. गाव एकजीव आहे हे ठसवणं त्याच्या युक्तिवादाला आवश्यकच होतं.

त्याच्या डोळ्यांसमोर होती ती दिल्लीच्या आसपासची गावं. तिथले जमीनधारक भाऊबंद साऱ्याची जबाबदारी एकत्र घेत. जमीनव्यवस्थेचा अभ्यास करणारा इंग्रज अधिकारी बेडन-पॉवेल याने १८९६ मध्ये दाखवून दिलं की भारतात गावाचे निदान दोन वेगळे साचे आहेत. दख्खनचं गाव दुसऱ्या साच्यातलं : जमीन ज्याची त्याची, वर वतनदार म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा पाटील. उत्तरेतलं वर्णन उचलून पुणे-साताऱ्याला लावता येत नाही. तोवर मात्र ते चित्र युरोपात पसरलं होतं. मार्क्सने १८५३ मध्ये त्याच चित्रावरून अशा खेड्यांना जुलमी राजवटींचा पाया ठरवलं. दावा पसरवणाऱ्यांनी हेही वाचायला हवं.

‘फक्त मीठ बाहेरून’

दाव्यातला हा भाग सर्वांत कच्चा आहे. लोहार नांगराचा फाळ गावात घडवी, पण लोखंड बाहेरून येई. तांब्यापितळेची भांडी, मसाले, बांगड्या, बरंचसं कापड आठवडी बाजारातून येई. लमाण-वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत गावोगाव फिरत, ते गावांना बाहेरचं लागत होतं म्हणूनच. सारा रोखीत भरायचा असेल तर धान्य विकावं लागे. म्हणजे बाजार आला आणि सावकारही आला.

बारा बलुतेदार तरी प्रत्येक गावात कुठे होते? बलुतं खळ्यावर धान्यरूपाने मिळे. थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत, आणि ओळीप्रमाणे वाटा कमी होत जाई. बाराची यादी मुलखागणिक बदलते. लहान गावाला एक पूर्ण सुतार पोसणं परवडत नसे, मग शेजारच्या गावाच्या सुतारावर काम चाले.

शिवाय सोयरीक. एका गावात न्हाव्याची दोन घरं आणि तीही एकाच भावकीची, तर मुलगी द्यायची कुठे? लग्नाचं नातं गावाबाहेरच जोडावं लागे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी १९६० मध्ये गावाची ही स्वयंपूर्णता मिथक आहे असं स्पष्ट मांडलं. १९५० च्या दशकात अभ्यासक गावात मुक्काम करू लागले होते. तिथून लग्न, बाजार आणि जातपंचायत यांचे धागे धरून निघालं की ते वेशीबाहेर जातात, हे त्यांना दिसत होतं.

‘प्रजासत्ताक, आणि सगळे समान’

गावात न मिटलेला वाद परगण्याच्या म्हणजे अनेक गावांच्या गोतसभेत, वतनदारांच्या न्यायसभेत, देशमुख-देशपांड्यांपुढे जाई, त्यापुढे थेट राज्यकर्त्याच्या दरबारात. म्हणजे गाव हा सत्तेच्या उतरंडीतला एक टप्पा होता. महारवाडा वेशीबाहेर होता. महार वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात सरकारची आणि गावाची कामं सक्तीने करावी लागत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात हे वतन सुधारण्यासाठी विधेयक आणलं; अशी कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञान आणि संकुचितपणाचं आगर म्हणताना, मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. गुण्यागोविंदाचं वर्णन कोणाच्या ओसरीवरून केलं जातंय, हे विचारल्याशिवाय ते मान्य करू नये.

‘इंग्रजांनी मोडलं’

यात तथ्य आहे, पण अर्धं. रयतवारीने प्रत्येक खातेदाराला थेट सरकारशी बांधलं, ठरल्या तारखेचे रोख हप्ते आले, जमीन गहाण पडू लागली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला तो त्यातूनच. पण कर्ज नवं नव्हतं. पेशवाई संपताच कंपनीचा डॉक्टर टॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणीची पाहणी केली, तेव्हाच तिथले बहुतेक शेतकरी सावकाराचे देणेकरी होते.

मग गाव म्हणजे काहीच नव्हतं?

उलट्या टोकालाही जाऊ नये. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लुई द्युमाँ १९५७ मध्ये म्हणाले की खरा घटक जात आहे, गाव म्हणजे केवळ घरांचा आणि माणसांचा समूह. श्रीनिवासांनी १९७५ मध्ये त्याला उत्तर दिलं : गावकीचा अभिमान, सामायिक दैवत, पाण्यावरून भांडण हे सगळं लोकांसाठी खरं असतं. आम्हाला हीच भूमिका पटते. गाव खरं, पण बंदिस्त नाही.

आज तर ‘गाव म्हणजे शेती’ हेही गृहीत धरता येत नाही. लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० : या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्या वस्तीला नगर म्हणते. अशी जनगणना-नगरं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. तिथे नगरपालिका नसते. गटारं, कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतच सांभाळते.