‘अडीच लाखाच्या आत कमाई असेल तर २५,००० रिफंड’: हा मेसेज खोटा आहे, पण तुमचा खरा रिफंड सोडू नका

नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. वर्षाची कमाई अडीच लाखाच्या आत असेल तर नुसतं आयकर रिटर्न (वर्षाच्या कमाईचा हिशोब) भरा, टॅक्स कापलेला असो की नसो, सरकार २५,००० पर्यंत रिफंड खात्यात टाकते, मागच्या पाच वर्षांचाही एकदम मिळतो, आमची सिव्हिल लाईन्सच्या आयकर ऑफिसात ओळख आहे, पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी पाठवा, फी ५०० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बायका, हिंगण्याच्या कंपन्यांतले हेल्पर असे लोक यात कागद पाठवून राहिले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘टॅक्स कापला नसला तरी मिळतो.’ नाही मिळत. रिफंड म्हणजे तुमच्या नावावर जास्तीचा जमा झालेला टॅक्स परत. काहीच जमा नाही तर परत काय येणार? अमेरिकेत कमी कमाईच्या कामगारांना भरलेल्या टॅक्सपेक्षाही जास्त पैसे देणारी सोय १९७५ पासून आहे, कोणी तिथले व्हिडिओ पाहून इथे जोडलं असेल, पण आपल्या आयकर कायद्यात तसं काही नाही. आणि ‘आपण साबणावर, बिस्किटावर टॅक्स भरतोच ना’ म्हणाल तर तो जीएसटी, त्याचा या रिटर्नशी संबंध नाही.

‘२५,००० पर्यंत.’ हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच लोक फसतात. आयकर कायद्याच्या कलम ८७ए मध्ये २०२४-२५ साठी नवीन रिजीममध्ये (टॅक्स मोजण्याच्या नव्या पद्धतीत) जास्तीत जास्त २५,००० ची सूट होती, पण ती बसलेल्या टॅक्समधून वजा होते, हातात येत नाही. त्या वर्षी सात लाख उत्पन्न असलेल्याचा टॅक्स निघत होता २०,०००, तेवढीच सूट, हिशोब शून्य. १,८०,००० कमावणाऱ्यावर टॅक्सच शून्य, मग सूटही शून्य. २०२५-२६ पासून ही मर्यादा १२ लाख उत्पन्न आणि ६०,००० सूट अशी झाली, म्हणून उद्या मेसेजमध्ये ६०,००० लिहून आलं तर नवल वाटून घेऊ नका.

आता याची दुसरी बाजू, आणि मला खरं तर हीच जास्त लागते. याच मेसेजखाली लोक उत्तर देतात की ‘ज्याला टॅक्स बसत नाही त्याला काहीच मिळत नाही, रिटर्नच्या भानगडीत पडू नका.’ हेही साफ चूक! समजा एक मुलगी मानेवाड्याच्या क्लासमध्ये शिकवते, महिन्याला १५,०००, पण क्लासवाले तिला पगार न दाखवता प्रोफेशनल फी दाखवतात आणि १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ टॅक्स, कापतात. हातात १३,५०० येतात, वर्षाला १८,००० कापले गेले, कमाई १,८०,०००, म्हणजे टॅक्स एक पैसाही बसत नाही. ते १८,००० पूर्ण तिचे आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय येत नाहीत. वेळेत भरलं तर वर, ते वर्ष संपल्यावरच्या एप्रिलपासून, महिन्याला अर्धा टक्का व्याज. फक्त ही फी आहे, पगार नाही, म्हणून आयटीआर-१ हा पगारवाल्यांचा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, हे भरून देणाऱ्याला आधीच सांगायचं. पेंटर, इलेक्ट्रिशियन कंत्राटावर काम करतात त्यांचा १ टक्का कापतात, २,४०,००० च्या बिलांवर २,४००, त्या घरात एवढे पैसे लहान नसतात.

एफडीच्या व्याजाचं वेगळं. तिथे लोक ज्याला १५जी-१५एच म्हणतात तो ‘मला टॅक्स बसत नाही’ असं लिहून द्यायचा फॉर्म बँकेत वर्षाच्या सुरुवातीलाच दिला तर कापतच नाहीत. फी आणि कंत्राटाला तो फॉर्म लागू नाही. पॅन दिला नाही तर २० टक्के कापू शकतात, आणि पॅन-आधार लिंक नसेल तर रिफंड अडकतो.

‘पाच वर्षांचं एकदम.’ मुदत चुकली तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत बिलेटेड म्हणजे उशिराचं रिटर्न भरता येतं, उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर लेट फीसुद्धा नाही. त्यानंतर दार जवळजवळ बंद, त्याच्याही नंतर भरायच्या अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. उरतो तो उशीर माफ करण्याचा अर्ज, पाच वर्षांची गोष्ट तिथली आहे, त्यात खरी अडचण दाखवावी लागते आणि व्याज मिळत नाही.

‘ऑफिसात ओळख.’ रिटर्नची प्रोसेसिंग आयकर खात्याच्या बंगळुरूच्या सीपीसी या केंद्रात होते, रिफंड तुम्ही आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या (तपासून जोडलेल्या) खात्यातच येतो, सिव्हिल लाईन्सच्या ओळखीने काय होणार? आणि आधारचा ओटीपी म्हणजे रिटर्नवर तुमची सही. खोटी वजावट दाखवून रिफंड काढला तर चुकवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो, तोही तुमच्या पॅनवर, एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

तर आधी स्वतः पोर्टलवर लॉगिन करून २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा टॅक्सचा उतारा, उघडा. कापणाऱ्याचं नाव, त्याचा टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर), दिलेली रक्कम, कापलेला टॅक्स, सगळं ओळीने दिसतं. तिथे ओळच नसेल तर रिफंड मागायला काही नाही. आणि हातात पैसे कापून आले पण तिथे ओळ नाही असं असेल तर क्लासवाल्याला किंवा ठेकेदाराला १६ए, म्हणजे टॅक्स कापल्याचं सर्टिफिकेट, मागा, त्याने कापून भरलाच नसेल किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला असेल तर त्याला टीडीएसचं रिटर्न दुरुस्त करायला लावा, ते झाल्यावरच तुमचं भरा.