अण्णांचा रजेचा अर्ज

सकाळी स्वारगेटहून साताऱ्याला निघालो. कात्रजच्या अलीकडे रास्ता रोको. पाऊण तास उन्हात शिजलो, मग कुणीतरी दगड भिरकावला आणि आमच्या एसटीची काच फुटली. कंडक्टर बाई उकिडव्या बसून पुठ्ठ्यावर काचा गोळा करत होत्या आणि बाहेर "लोकशाही जिंदाबाद"! मागणी काय होती ते विचारू नका. मला ऐकायचीच नाही.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, असल्यांना देशद्रोहीच म्हणायचं. पुतण्याचं लगेच उत्तर: "काका, मग आजोबा कोण होते?"

डोकंच फिरलं. अरे, कुणाची तुलना कुणाशी! नोव्हेंबर १९७५ मध्ये आणीबाणीविरुद्ध विरोधकांच्या लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणिताचे मास्तर. आदल्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला, "खासगी कामासाठी". पिशवीत दोन बनियन, दाढीचं सामान. मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी पाच जण उभे राहिले, भारतमाता की जय म्हणाले, पोलीस आल्यावर मुकाट गाडीत चढले. तुरुंगात जाणारा माणूस रजेचा अर्ज देऊन गेला, कळतंय का? त्याच्या हातात दगड?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की सनदशीर मार्ग उघडे असताना सत्याग्रह, असहकार हे सगळं सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे. हेही पाठवलं त्याला. तर म्हणे, "आणि मार्ग बंद असतील तर?"

बरं, अण्णांच्या वेळी ते बंदच होते. पेपरातल्या बातमीवरसुद्धा सेन्सॉर. आज तसं आहे का? कोर्ट आहे, निवडणूक आहे, टीव्हीवर रोज रात्री आठ डोकी एकमेकांवर खेकसतात (त्याला चर्चा म्हणायचं!). एसटी कशाला फोडता? तिच्यातून मंत्री जात नाहीत रे. माझ्या शेजारची आजी दवाखान्यात निघाली होती.

हो, बंद आपल्या लोकांनीही केलेत. २००३ च्या मुंबई बंदबद्दल हायकोर्टाने शिवसेना-भाजपला वीस-वीस लाखांचा दंड ठोकला. योग्यच केलं.

पण दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. अण्णांना मिसाखाली डांबलं होतं. मिसा म्हणजे देशाची अंतर्गत सुरक्षा राखायचा कायदा. म्हणजे सरकारी कागदावर देशाला धोका कोण, तर पाचवीला अपूर्णांक शिकवणारा माणूस. आई तेव्हा रेशनच्या रांगेत उभी राहिली की दोन बायका मुद्दाम पुढे सरकायच्या.

ग्रुपवरचं ते वाक्य काढलंय. काचेचा फोटो तसाच राहील.

आईच्या ट्रंकेत तो अर्ज अजून आहे. हेडमास्तरांचा लाल शाईतला शेरा, "बिनपगारी मंजूर". रविवारी जेवायला ये रे, दाखवतो. वाद जेवणानंतर.