घोड्याची पेस्ट आणि 400 ग्रॅमचा खंडू

‘आत्या, मटाराच्या दाण्याएवढं म्हणजे नक्की किती?’ डॅलसहून भाचीचा मेसेज. मला वाटलं, काही रेसिपी चालली असेल. मग तिने व्हिडिओ पाठवला. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे घरात पाळतात तो एक सरडा, पाळणाऱ्यांत तो सध्या धडाधड फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक ड्रॅगनच्या पोटात जंत असतातच, म्हणून दर तीन महिन्यांनी औषध द्या. तपासणीच्या नावाखाली व्हेट नुसते पैसे उकळतो, त्यापेक्षा घोड्यांची आयव्हरमेक्टिन पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी चाटवा. ‘केमिकल’ नको असेल तर लसूण आणि भोपळ्याच्या बिया.

दादाने ट्यूब आणूनही ठेवली होती! मी व्हेट नाही, सहा वर्षं हाच प्राणी पाळतेय एवढंच. पण भागाकार मला येतो.

तर तो दाणा. अमेरिकेत मिळणारी नेहमीची ट्यूब 6.08 ग्रॅमची, त्यात आयव्हरमेक्टिन 1.87 टक्के, आणि अख्खी ट्यूब 1,250 पौंडांच्या, म्हणजे साधारण 567 किलोच्या घोड्यासाठी. खंडू, म्हणजे भाचीचा ड्रॅगन, भरतो 400 ग्रॅम. घोड्याच्याच हिशोबाने गेलं तरी त्याच्या वाट्याला पेस्ट येते जेमतेम 4 मिलिग्रॅम, टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढी. मटाराचा दाणा पाव ग्रॅम धरा, पन्नासपटींच्या वर गेलात. घरातल्या काट्यावर 4 मिलिग्रॅम दिसतही नाहीत. आणि घोड्याचा हिशोब सरड्याला चालतो, हे ठरवलं कोणी? कासवांना तर हे औषध द्यायचंच नसतं, जीव जातो त्यांचा. जास्त झालं की ते मज्जासंस्थेवर जातं, अंग लुळं पडतं. ‘आमच्याला काही झालं नाही’ म्हणणारा तो हसरा माणूस तेव्हा फोन उचलणार आहे का?

‘मग फेनबेंडाझोल देऊ? ते सौम्य असतं ना?’ हा दादाचा पुढचा प्रश्न. हे जंतांवरचं दुसरं औषध. सरपटणाऱ्या प्राण्यांना व्हेट ते देतात, खरं आहे. पण 2005 साली ‘जर्नल ऑफ झू अँड वाइल्डलाइफ मेडिसिन’मध्ये हर्मन कासवांवरचा एक अभ्यास आला. या औषधानंतर त्यांच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि बराच काळ घटलेल्याच राहिल्या. कासव म्हणजे ड्रॅगन नव्हे, मान्य. तरी ‘सौम्य आहे, दर तीन महिन्यांनी देऊन टाकू’ हे त्यानंतर माझ्या तोंडून निघणार नाही.

आता नाइलाजाने एक कबूल करते. पोटात काहीतरी असतं, हे बऱ्याच ड्रॅगनच्या बाबतीत खरंच आहे. पिनवर्म हे बारीक जंत तर सर्रास सापडतात. पण ते थोडे असले आणि प्राणी खातोपितो, वजन टिकून आहे, तर व्हेट अनेकदा औषधच देत नाहीत. दुसरीकडे कॉक्सिडिया. हे जंत नव्हेतच, एकपेशीय जीव आहेत. ड्रॅगनमधल्याचं नाव आयसोस्पोरा अँफिबोल्युरी. त्यावर आयव्हरमेक्टिनही चालत नाही आणि फेनबेंडाझोलही नाही, औषधच वेगळं. काय आहे आणि किती आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा बघितल्याशिवाय कळत नाही. पैसे त्याचे द्यायचे.

लसूण फोडणीत घाला. भोपळ्याच्या बिया स्वतः खा.

भाचीने विष्ठेत ‘पांढरे जंत’ पाहिले होते. फोटो मोठा करून बघितला तर खडूसारखा पांढरा गोळा. तो युरेट, सरड्याची घट्ट लघवी! सगळ्याच सरड्यांची अशी असते. मी तिला ताजा नमुना डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं, फ्रीझरमध्ये नाही, आणि दुसऱ्याच दिवशी व्हेटकडे न्यायला. श्रीखंडाशेजारी ती डबी बघून वहिनी काय बोलली ते इथे लिहीत नाही.

रिपोर्टात पिनवर्मची थोडी अंडी निघाली, औषध काही दिलं नाही. तळाला वाळूऐवजी कागद अंथरायचा, विष्ठा रोज उचलायची आणि न खाल्लेले क्रिकेट (त्याच्या खाण्यातले किडे) रात्री बाहेर काढायचे, कारण ते विष्ठेवरून फिरतात आणि सकाळी हाच त्यांना खातो. खंडू मलूल होता तो जंतांमुळे नव्हे, ऊब देणाऱ्या दिव्यामुळे. ऊन खायच्या दगडावर 40 अंशांच्या आसपास हवं, तिथे 31 होतं.

दादाने ट्यूब परत केली. डबी वहिनीने फेकून दिली, श्रीखंडासकट.