९७ टक्के

कालपासून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याशी बोलत नाहीये. त्याला अजून ते कळलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

काम साधं होतं. गोधडीसाठी पेपर पीसिंगच्या ६ इंची चांदणीचा छापील नमुना, १६ प्रती. यात कापड कागदामागे धरून छापलेल्या रेघेवर शिवण मारायची आणि शेवटी कागद फाडून काढायचा. टाका दीड मिलिमीटरवर ठेवला की बारीक भोकं पडतात आणि कागद टरकन सुटतो. पण तो पातळ हवा. नेहमीचा ८० ग्रॅमचा ओढताना टाकेही घेऊन येतो. म्हणून मी अप्पा बळवंत चौकातून वर्तमानपत्राचा कोरा कागद आणून, ए-फोर मापात कापून नेला होता.

"हा नाही घालणार. अडकला तर?"

ठीक, मशीन त्याचं. "मग साध्यावर काढा, पण शंभर टक्के. फिट टू पेज नको." नमुना अमेरिकेतला. त्यांचा लेटर कागद आपल्या ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटर रुंद. मशीनला मोकळं सोडलं की ते गुपचूप सगळं ९७ टक्क्यांवर आणून ठेवतं.

एवढ्यात मागून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका. हातात आधार कार्ड.

"नकाशा कसला?"

"गोधडीचा."

"गोधडीला कागद? आमची आई जुनी लुगडी अंथरायची, वर बसायची, धावदोरा घालत सुटायची. कागद कशाला?"

"काका, ही वेगळी असते."

"वेगळी म्हणजे? पांघरणारच ना?"

"नाही. भिंतीवर लावणार."

काका थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भिंतीला थंडी वाजते?"

अख्खी रांग हसली. झेरॉक्सवालाही हसला आणि हसता हसता त्याने बटण दाबलं.

मी पर्समधून पट्टी काढली. (हो, मी पट्टी घेऊन फिरते.) नमुन्याच्या कोपऱ्यात तपासणीसाठी १ इंचाचा चौकोन असतो. तो इंचाला जेमतेम पाऊण मिलिमीटर कमी. काकांनी वाकून बघितलं. "आहे की इंच. कापड जरा ताणायचं."

एका ओळीत चार चांदण्या म्हणजे जवळजवळ पाऊण इंचाची खोट. किनारीच्या पट्ट्या मी २४ इंचांच्या हिशेबाने आधीच कापून बसलेय. तो उतावळेपणा माझा, मान्य.

"ताई, शिवणकामच ना? ॲडजस्ट होतं."

परवा याच काउंटरवर एकजण बंगल्याचा प्लॅन घेऊन आला होता. त्याने नुसतं 'स्केल' म्हटलं तर मालक स्वतः उठून मशीनपाशी गेला. त्याचं ते माप. माझी ती हौस. बारा वर्षं मी सुई चालवतेय, तरी पाऊण मिलिमीटरसाठी भांडले की मी किरकिरी बाई.

८० रुपये दिले. वर काका म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे, दोन नेऊ?"

नेले. आज सकाळी जिन्याच्या काचेच्या दारावर सूचना चिकटलीय: 'बुधवारी पाणी येणार नाही.' ऊन आलं की अक्षरांमागून माझी चांदणी दिसते. ९७ टक्के.