काळ्या ऑइलने लूत बरी होत नाही

रविवारी सकाळी वाईहून मावशीचा फोन आला. "अगं, टिप्याला ऑइल लावलंय, पण तो सारखा अंग चाटतोय. दोनदा ओकलासुद्धा. चालतं ना असं?"

टिप्या पाच महिन्यांचा. एका डोळ्याच्या वर रुपयाएवढा आणि पुढच्या पायावर त्याहून लहान, असे केस गेलेले दोन चट्टे होते. खाज नाही, खाणं-खेळणं व्यवस्थित. ऑइल कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून आणलेलं, गाडीतून काढलेलं काळं. आणि ते लावायचं हे सांगितलं व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजने, जो त्याच आठवड्यात मला तिघांनी पाठवला होता.

मेसेज थोडक्यात असा: पिल्लाचे केस गळले म्हणजे लूतच. जळालेलं इंजिन ऑइल, गंधक आणि कापूर एकत्र करून अंगभर चोळा, किडे गुदमरून मरतात. मीठ बंद करा. बरं होईपर्यंत घराबाहेर बांधा, नाहीतर मुलांना लागेल. एवढं करूनही गेलं नाही तर गुरांचं जंताचं इंजेक्शन आणून टोचा, डॉक्टरही तेच देतो आणि वर पैसे घेतो.

आधी ऑइल, कारण माझा सगळा संताप तिथे आहे. इंजिनात फिरून आलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण असतात, जळक्या इंधनाची काजळी असते आणि कर्करोगकारक ठरलेली संयुगं असतात. आपल्या देशाच्या 2016च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, ते गटारात ओतायलाही बंदी आहे. आणि ते आपण पाच महिन्यांच्या पिल्लाच्या अंगाला चोळतो! कुत्रा अंगाला लागलेलं सगळं चाटून काढतो, म्हणजे ऑइल पोटात जाणारच. पोटात गेलं की उलटी होते, आणि उलटी होताना थोडं जरी श्वासनलिकेत उतरलं तरी फुप्फुसाला सूज येते. कापूर कातडीतूनही अंगात भिनतो, जास्त झाला तर झटके येतात.

"किडे गुदमरून मरतात" हे तर मी डोळ्यांनी पाहिलं, की मरत नाहीत. टिप्याला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायावरच्या चट्ट्याची कातडी चिमटीत दाबली, बोथट पात्याने खरवडली, अगदी बारीक रक्त दिसेपर्यंत, आणि तो खरवड काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवला. मग मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. लांबट, शेपटाकडे निमुळता होत गेलेला जीव, पुढच्या भागात आखूड आठ पाय, आणि ते पाय हलत होते. तेलात बुडवलेले, तरीही हलत होते. हा डेमोडेक्स, लूत आणणारा एक किडा, गोचिडाच्याच जातकुळीतला. तो केसाच्या मुळाच्या खळग्यात खोल राहतो. वरून चोळलेलं ऑइल त्याचं काय करणार?

मग "आमच्या कुत्र्याला गुण आला" असं सांगणारे इतके कसे? ते खोटं बोलत नाहीत, आणि मेसेज पसरतो तो त्यांच्याच भरवशावर. डेमोडेक्स पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना आईकडून मिळतो. बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर तो निमूट असतो. वर्षाच्या आतल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून बसलेली नसते, म्हणून कधीकधी एक-दोन चट्टे पडतात, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. पशुत्वचारोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2020 मध्ये या रोगाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत हेच आहे: लहान वयातल्या अशा मोजक्या चट्ट्यांना किडे मारणारं औषध सहसा लागत नाही, फक्त पसरतंय का यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे पिल्लू बरं होतं ते त्याचं त्याचं. श्रेय मात्र ऑइलला जातं आणि गॅरेजचा पत्ता पुढच्या घरी पोचतो.

चट्टे अंगभर पसरले, पू धरला, वास यायला लागला, तर मात्र थांबून चालत नाही. त्यासाठी आता चांगल्या गोळ्या आहेत. आणि केस परत आले म्हणून औषध बंद करायचं नाही. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून काही सापडलं नाही, तरी त्यापुढे आणखी चार आठवडे द्यायचं, असं याच सूचना सांगतात.

केस गळले म्हणजे लूतच, हेही खरं नाही. पिसवा, गोचीड, बुरशीचा नायटा, खाण्याची ॲलर्जी, सगळ्यांत केस जातात आणि वरून चट्टे सारखेच दिसतात. मिठाचा या कशाशीच संबंध नाही.

माणसांना लागतं यात मात्र अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. खरजेचा किडा वेगळा, सार्कोप्टिस नावाचा. तो माणसालाही चावतो आणि कुत्र्याला वेड लागेल अशी खाज सुटते, कानांच्या कडा आणि कोपरं आधी उघडी पडतात. नायटाही मुलांना लागतो. कुत्र्याचा डेमोडेक्स माणसाला लागत नाही. म्हणजे टिप्याला दोन रात्री अंगणात बांधलं ते विनाकारण. कोणता किडा आहे हे खरवडून बघितल्याशिवाय पिल्लाला घराबाहेर कशाला काढायचं?

गंधकाचंही तसंच. गंधक आणि चुना यांचं द्रावण हे खरंखुरं औषध आहे, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण खरजेवर आणि नायट्यावर चालतं. ते ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळतात, जळक्या ऑइलमध्ये नाही.

इंजेक्शनचा मुद्दा सगळ्यांत धोक्याचा. त्यातलं औषध, आयव्हरमेक्टिन, डॉक्टर कुत्र्यांनाही देतात, हे खरं. पण गुरांच्या बाटलीत एका मिलिलीटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे 50 किलोच्या जनावराचा डोस. टिप्या सहा किलोचा! शिवाय कोली या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांसारख्या काही जातींमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. 2001 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. असा कुत्रा झोकांड्या खातो, लाळ गाळतो, आंधळा होतो, बेशुद्ध पडतो. आपल्या पिल्लात कोणत्या जातीचं रक्त आहे हे घरबसल्या कोण सांगणार?

मेसेजमध्ये नाही, पण घरोघरी चालतं म्हणून सांगते: माणसांची खाजेची ट्यूबही लावू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, त्याने डेमोडेक्स आणि नायटा दोन्ही वाढतात.

ऑइल आधीच लावलं असेल तर पिल्लाला चाटू देऊ नका. कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा आणि नीट कोरडं करा. रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसू नका, मुद्दाम उलटी करवू नका. उलटी झाली असेल, खोकला किंवा धाप असेल तर लगेच डॉक्टरांकडे.

टिप्याला सध्या औषध नाही. मावशी दर रविवारी चट्ट्याशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढते आणि मला पाठवते. काल तिसरा आला. डोळ्यावरच्या चट्ट्यात बारीक लव दिसते आहे, पायावरचा अजून तेवढाच आहे.