धडगावचे दहा टक्के

नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण भरलं की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच जुना वाद पेटतो. शहाद्याचे काका म्हणतात, धरणाला आडवे आले ते विकासाचे वैरी. धुळ्याची मावसबहीण, आमची ताई, विचारते, बुडालं कोणाचं आणि भिजलं कोणाचं? मी नॉर्वेतून मध्ये तोंड घातलं की काका एका ओळीत निकाल लावतात, "तुन्हं काय जास, भाऊ?"

माझं काही जात नाही, कबूल. पण मी राहतो त्या देशात नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पाण्यापासून होते आणि धरणावरून इथेही डोकी फुटायची वेळ आली होती. उत्तरेकडच्या आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ साली सामी आदिवासी ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. १९८१ मध्ये साखळ्यांनी स्वतःला जखडून घेतलेल्या आंदोलकांना पोलिसांनी उचलून नेलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला आणि धरण झालं. आपल्याकडे सरदार सरोवराच्या खटल्यात २००० साली झालं तसंच.

फरक आहे तो विजेच्या हिशोबात. नॉर्वेत १९१७ पासून कायदा आहे की मोठा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला, तर त्या खोऱ्यातल्या स्थानिक पालिकांना १० टक्क्यांपर्यंत वीज जवळपास उत्पादनखर्चाच्या दरात द्यायची. ती वापरा, नाहीतर बाजारभावाने विका आणि त्या पैशातून शाळा चालवा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. नदी तुमच्या दारातली, म्हणून वाटाही तुमचा.

आता आपल्याकडे बघा. सरदार सरोवराची वीजनिर्मिती क्षमता १४५० मेगावॉट. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे तिच्यातली २७ टक्के वीज महाराष्ट्राची. त्यापायी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली गेली. निवाड्यात वाटेकरी आहेत ती राज्यं, तालुके नाहीत. वीज राज्याच्या जाळ्यात शिरली की ती धडगावच्या नदीची उरत नाही.

काका म्हणतील, जमिनी दिल्या ना? दिल्या, बऱ्याच भांडणानंतर. तळोद्याकडच्या सोमावल, रोझव्याच्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. पण जमीन ही बुडालेल्या जमिनीची भरपाई. टर्बाइन दरवर्षी फिरतं, त्याचं काय?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते धडगाव तालुक्यातलं बिलगाव. तिथे २००३ मध्ये लोकांनी श्रमदानातून, केरळच्या दोन तरुण अभियंत्यांच्या मदतीने, धबधब्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभारला. पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात आलेल्या पुराने तो गिळला. ज्यांनी स्वतःची वीज स्वतः तयार केली, त्यांचीच वीज वीजनिर्मितीच्या धरणात बुडाली! धरणाला विरोध म्हणजे विजेला विरोध, हे आता बिलगावला कोणत्या तोंडाने सांगायचं?

केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात बाधित कुटुंबाला १० वर्षं महिना १०० युनिट वीज आणि स्थानिक विकासासाठी १ टक्का विजेची तरतूद आली. तोवर इथली यंत्रं फिरायला लागून काही वर्षं झाली होती.

नॉर्वे म्हणजे रामराज्य, असं मी म्हणत नाही. इथल्या फोसेन भागातल्या पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या हक्कांवर गदा आणतात म्हणून अवैध आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. पाती त्यानंतरही फिरतच राहिली. तेव्हा कायदा असला म्हणजे सगळं पाळलं जातं, या भ्रमात इथेही कोणी नाही. पण मागायला काहीतरी कागदावर लागतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की धरण हवं होतं की नको, हे काका आणि ताईने खुशाल भांडत राहावं. पण महाराष्ट्राच्या वाट्यातला ठरावीक हिस्सा या दोन तालुक्यांच्या नावे करायला गुजरातची किंवा दिल्लीची परवानगी कशाला? मुंबईत ठरलं तरी पुरे. वीज नको असेल तर तिची किंमत द्या, ती पाड्यांवरच्या शाळा-दवाखान्यांना लागेल.

ग्रुपवर मी नॉर्वेसारखे दहा टक्के म्हटल्यावर ताईने लगेच विचारलं, दहा टक्के कशाचे, १४५० चे की आपल्या वाट्याचे? आपल्या वाट्याचे. क्षमतेच्या हिशोबाने साधारण ३९ मेगावॉट. काका म्हणाले, एवढी वीज धडगावला लागते तरी का? मी त्यांना विचारलंय, शहाद्याला लागते तेवढी वीज शहाद्यात तयार होते का?